डेव्हीचा दिवा आणि माघारीचा अधिकार

धान्याचे पेव उघडल्यावर किंवा पडीक विहिरीत उतरण्यापूर्वी दोरीला पेटता कंदील बांधून तो आधी खाली सोडावयाचा आणि ज्योत विझली तर माणसाने आत पाऊल टाकावयाचे नाही, ही रीत आपल्या खेड्यांत जुनी आहे. ज्योत ही तेथे प्राणवायूची साक्षीदार असते. परंतु जेथील हवा नुसती कोंदट नसून ज्वालाग्राही असते, तेथे हाच साक्षीदार मारेकरी बनतो. कोळशाच्या खाणीतील मजुरापुढे शतकानुशतके हा पेच होता. उजेडावाचून कोळसा फोडता येत नाही आणि उजेडासाठी दिवा न्यावा तर वायूचा भडका उडतो. हा पेच ज्याने सोडविला असे शाळेच्या पुस्तकातून आपण शिकतो, त्या सर हम्फ्री डेव्ही याचे चरित्र आज पुन्हा वाचण्याजोगे आहे. तो थोर शास्त्रज्ञ होता हे त्याचे एक कारण झाले. त्याच्या दिव्याचे पुढे काय झाले, हे दुसरे आणि अधिक निकडीचे कारण होय.

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैऋत्य टोकावरील पेन्झान्स या गावी झाला. बाप लाकडावर कोरीवकाम करणारा. १७९४ साली तो वारला तेव्हा पाच भावंडांत थोरला असलेला हम्फ्री पंधरा वर्षांचा होता. दुसऱ्या वर्षी त्याला गावातील एका शल्यवैद्याकडे उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. रसायनशास्त्र तो पुस्तकांवरून आणि मिळेल त्या भांड्याकुंड्यांत प्रयोग करून शिकला. एकोणिसाव्या वर्षी, १७९८ साली, ब्रिस्टल येथे डॉक्टर बेडोज यांनी काढलेल्या संस्थेत त्याला काम मिळाले. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे होतात काय, हे पाहण्यासाठी ती संस्था होती.

तेथे डेव्हीने वायूंची परीक्षा स्वतःच्याच फुप्फुसांवर केली. नायट्रस ऑक्साइड हुंगल्याने माणूस हसू लागतो आणि वेदना विसरतो, हे त्याने अनुभवले व १८०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा वायू शस्त्रक्रियेत उपयोगी पडेल असे सुचविलेही. त्या सूचनेकडे वैद्यकविश्वाने चाळीसहून अधिक वर्षे दुर्लक्ष केले. एकदा त्याने कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू हुंगला आणि तो मरता मरता वाचला. दिसत नाही, वास येत नाही आणि तरीही प्राण घेते अशी हवा जगात आहे, हे ज्ञान त्याला असे देहदंड भरून मिळाले होते.

१८०१ साली तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि काही वर्षांतच त्याच्या व्याख्यानांना राजधानीतील प्रतिष्ठित समाज गर्दी करू लागला. विजेच्या साहाय्याने त्याने १८०७ साली पोटॅशियम व सोडियम आणि पुढील वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम व मॅग्नेशियम ही मूलद्रव्ये वेगळी केली. १८१२ साली त्याला सर ही पदवी मिळाली, त्याच वर्षी प्रयोगशाळेतील एका स्फोटात त्याच्या डोळ्यांना इजा झाली आणि १८१३ साली त्याने मायकेल फॅरेडे नावाच्या, पुस्तके बांधण्याचे काम शिकलेल्या तरुणाला आपला साहाय्यक नेमले.

ज्या वर्षी डेव्हीला पदवी मिळाली त्याच वर्षी, २५ मे १८१२ रोजी, न्यूकॅसलजवळील फेलिंग येथील खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ माणसे दगावली. त्यांत कोवळी मुलेही होती. त्या काळी खाणीत उजेडासाठी मेणबत्ती असे आणि वायू फार असेल तेथे गारगोटीवर पोलादी चाक फिरवून उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात काम चाले. तो उपायही निर्धोक नव्हता. फेलिंगच्या मृतांना मूठमाती देणारे धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनी त्या दुर्घटनेची हकीकत छापून प्रसिद्ध केली. लोकमत हलले, १८१३ साली संडरलँड येथे खाणींतील अपघात टाळण्याचे उपाय शोधण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्या मंडळाच्या वतीने १८१५ साली डेव्हीला साकडे घालण्यात आले.

डेव्हीने प्रथम खाणी पाहिल्या, नंतर तेथील वायू बाटल्यांत भरून लंडनला मागविला आणि फॅरेडेच्या मदतीने त्याची कसून परीक्षा केली. हा वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असेल तरच स्फोट होतो. डेव्हीला असे आढळले की, अरुंद धातूच्या नळीतून ही ज्वाला पलीकडे जाऊ शकत नाही, कारण धातू तिची उष्णता शोषून घेतो. त्याच वर्षीच्या ९ नोव्हेंबर रोजी त्याने रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध वाचला. पुढे नळ्यांच्या जागी त्याने तारेची बारीक जाळी आणली. चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेल्या त्या जाळीने ज्योत चोहोबाजूंनी वेढली की, वायू आत शिरून जळतो, परंतु ज्वाला बाहेर येत नाही. १८१६ च्या जानेवारीत हेबर्नच्या खाणीत हा सुरक्षादीप प्रथम वापरून पाहण्यात आला.

या दिव्याचे दुसरे कार्य पहिल्याइतकेच मोलाचे होते. वात लहान केली की ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसू लागे. हवेत मिथेन सव्वा टक्क्याच्या आसपास असतानाच ती सरावलेल्या नजरेला ओळखता येई आणि वायू वाढे तसतशी तिची उंची वाढे. प्राणवायू कमी पडला तर ज्योत मंदावून विझे. मिथेन हवेहून हलका म्हणून दिवा छताशी धरून पाहावयाचा आणि कार्बन डाय-ऑक्साइड जड म्हणून जमिनीशी, हेही खाणकामगार शिकले. खिशात किंवा पट्ट्याला अडकवून नेण्याच्या आजच्या वायुशोधक यंत्राचा हा पूर्वज होय.

डेव्हीने या दिव्याचे एकस्व घेतले नाही. घेतले असते तर तो गडगंज झाला असता असे त्याच्या मित्रांनी त्याला सांगून पाहिले, परंतु मानवजातीच्या उपयोगाची वस्तू विकावयाची नाही, या निश्चयापासून तो ढळला नाही. मात्र त्याच्या औदार्याला अहंकाराची किनार होती. किलिंगवर्थच्या खाणीतील यंत्रज्ञ जॉर्ज स्टीफन्सन, जो पुढे आगगाडीमुळे जगप्रसिद्ध झाला, त्याने स्वतःचा सुरक्षादीप १८१५ च्या ऑक्टोबरातच खाणीत नेऊन पाहिला होता. शाळेत न गेलेला हा कामगार आपल्या कल्पनेवाचून तेथवर पोहोचला असेल, हे डेव्हीला अखेरपर्यंत पटले नाही. स्वतः विद्यापीठाबाहेर शिकून मोठ्या झालेल्या माणसाला ही शंका शोभणारी नव्हती.

सन्मान मात्र भरभरून मिळाले. १८१७ साली खाणमालकांनी त्याला चांदीची भांडी अर्पण केली, १८१८ साली तो बॅरोनेट झाला आणि १८२० साली रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. पुढे प्रकृती ढासळली आणि २९ मे १८२९ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, जिनीव्हा येथे तो निवर्तला. चांदीची ती भांडी पुढे विकली जाऊन त्या पैशातून रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक सुरू झाले.

चरित्रे बहुधा येथे थांबतात. खाणींची कथा मात्र येथे थांबत नाही. १८३५ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने खाणींतील अपघातांची चौकशी केली तेव्हा जो हिशेब पुढे आला, तो विचार करावयास लावणारा होता. डरहॅम व नॉर्थम्बरलंड या परगण्यांत दिवा येण्यापूर्वीच्या अठरा वर्षांत ४४७ माणसे खाणींत दगावली होती, तर दिवा आल्यानंतरच्या अठरा वर्षांत ५३८. या काळात खाणी वाढल्या होत्या आणि कामगारही वाढले होते, हे खरे. तेव्हा नुसत्या आकड्यांवरून दिव्याला दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि समितीपुढे आलेली दुसरी गोष्ट नाकारता येण्यासारखी नव्हती. वायूच्या भयाने ज्या जागा पूर्वी सोडून दिल्या होत्या, त्या दिव्याच्या भरवशावर पुन्हा खणण्यात येऊ लागल्या होत्या. हवा खेळती ठेवण्याचा खर्च टाळून दिव्यावर भार टाकला जात होता. जोराच्या झोतात ज्वाला जाळीबाहेर येई, जाळी तापून लाल होई किंवा गंजून फाटे. शिवाय जाळीमुळे उजेड इतका अंधुक पडे की, कोळशाच्या वजनावर मजुरी मिळणारा कामगार कित्येकदा स्वतःच ती जाळी काढून ठेवी. जी वस्तू माणूस वाचावा म्हणून निर्माण झाली, ती माणसाला अधिक धोक्याच्या जागी पाठविण्याचा परवाना ठरली.

यात डेव्हीचे विज्ञान चुकले नव्हते. उलट ते आजही आपल्या कामाला येत आहे. ज्वालारोधक पेटीच्या सांध्यांतील अरुंद फटी आतली ज्वाला थंड करून अडवितात, तो त्याच्या जाळीचाच न्याय. त्याने १८१७ साली असेही दाखविले की, तापविलेली प्लॅटिनमची तार ज्वालाग्राही वायूत ज्वालेवाचून तांबडी होऊन तळपत राहते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या वायुशोधक यंत्रातील उत्प्रेरक मणी याच तत्त्वावर चालतो: मण्यावर वायू जळतो, तो तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि यंत्र किंचाळू लागते. विजेची उपकरणे निर्धोक करण्याचे शास्त्र मात्र नव्या बळींनंतर आले. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंघेनिड येथील स्फोटात ४३९ कामगार गेले. कारण निर्विवाद ठरले नाही, परंतु संशय विजेच्या घंटेच्या ठिणगीवर होता. त्यानंतरच्या संशोधनातून, मुळात वायू पेटविण्याइतकी शक्ती ज्यांच्या ठिणगीत नसेल अशीच उपकरणे वापरावीत, हा दंडक आकाराला आला.

आपल्याकडे चिनाकुरी येथे १९५८ साली आणि ढोरी येथे १९६५ साली झालेल्या खाणस्फोटांत मिळून चारशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. परंतु विषारी वा ज्वालाग्राही हवा केवळ खाणीतच असते असे नाही. आपल्या शहरांच्या रस्त्यांखाली, भुयारी गटारांत आणि मलटाक्यांत मिथेन असतो, प्राणवायू विरळ असतो आणि हायड्रोजन सल्फाइडही असतो. या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणून धोका टळला असे मानणारा माणूस त्याच क्षणी मृत्यूच्या दारात असतो. तो कोसळला की त्याला काढावयास दुसरा उतरतो आणि दुसऱ्यासाठी तिसरा. महाराष्ट्रातील शहरांतूनही अशा वार्ता येत असतात.

कायदा नाही अशी स्थिती नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला मनाई करणारा २०१३ चा कायदा आणि त्याचे नियम आहेत, आणि चार वायू मोजणारे यंत्र त्या नियमांतील सामग्रीच्या यादीत आहे. गटारातील मृत्यूबद्दल दहा लाख रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविली व २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. पण यंत्र कचेरीच्या कपाटात आणि माणूस गटारात, अशी विभागणी असेल तर यादीचा उपयोग काय? आणि यंत्र पट्ट्याला असले तरी त्याची पारख वेळोवेळी झाली नसेल, तर त्याचे मौन विश्वासार्ह नसते. उत्प्रेरक मणी सिलिकोनच्या वाफेने निकामी होतो आणि प्राणवायू कमी असेल तेथे वायू कमी दाखवितो. दिव्याच्या जाळीप्रमाणे यंत्रालाही निगा लागते, आणि निगेला पैसा व शिस्त.

याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. यंत्र वाजल्यावर काम सोडून वर येण्याचा अधिकार कामगाराला असला पाहिजे, आणि तो वापरल्याबद्दल त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडता कामा नये. पेवात कंदील सोडणारा शेतकरी ज्योत विझताच घरी परततो, कारण पेव त्याचे असते आणि परतण्याची परवानगी त्याला कोणाकडे मागावी लागत नाही. खाण कामगाराची नसते, गटारही त्याचे नसते. डेव्हीने त्याला दिवा दिला आणि त्यावर एक कवडीही घेतली नाही. धोक्याची खूण दिसताच माघार घेण्याची मुभा मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही. ती मालकाने, ठेकेदाराने आणि नगरपालिकेने द्यावयाची असते, आणि ती दिली जाते की नाही, हे पाहण्याचे काम तुमचे-आमचे आहे.