अमीर कबीर : दोन साम्राज्यांच्या कात्रीतील वजीर

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इराणमधील फराहान प्रांतात कर्बलाई कुर्बान नावाचा एक आचारी राहत होता. काइम-मकाम या मातब्बर घराण्याच्या मुदपाकखान्यात तो चाकरीला होता. त्याचा मुलगा तकी याची कुशाग्र बुद्धी धन्याच्या नजरेस आली आणि घरातील मुलांबरोबर त्यालाही विद्या मिळाली. हाच मुलगा पुढे मिर्झा तकी खान म्हणून इराणचा सद्र-ए-आज़म, म्हणजे प्रधान वजीर झाला. इतिहास त्यांना अमीर कबीर या नावाने ओळखतो.

त्यांच्या तरुणपणी इराणची अवस्था दयनीय होती. रशियाशी झालेल्या दोन युद्धांत कजार राजवटीने काकेशसचा प्रदेश गमावला होता. १८२८ च्या तुर्कमानचाय तहाने तर दोन कोटी चांदीच्या रुबलांची खंडणी लादली आणि इराणच्या भूमीवर राहणाऱ्या रशियन प्रजेला इराणी न्यायालयांच्या अधिकाराबाहेर काढले. उत्तरेकडून रशिया पुढे सरकत होता. दक्षिणेकडे, हिंदुस्थानच्या रक्षणाचे कारण पुढे करून, ब्रिटन आपला पाय रोवत होता. तेहरानमधील या दोन्ही वकिलाती दरबारातील नेमणुकांतही हात घालीत. कित्येक अमीर-उमराव तर आपल्या बादशहापेक्षा एखाद्या वकिलातीचाच आसरा अधिक भरवशाचा मानीत.

मिर्झा तकी खानांनी हे जवळून पाहिले होते. तेहरानमध्ये रशियन वकील ग्रिबोयेदोव मारला गेल्यानंतर १८२९ मध्ये जे शिष्टमंडळ माफी मागण्यासाठी सेंट पीटर्सबर्गला गेले, त्यात ते चिटणीस होते. पुढे १८४३ ते १८४७ या काळात उस्मानी सल्तनतीशी सरहद्दीचा तंटा मिटवण्यासाठी ते एर्झुरुम येथे इराणचे प्रतिनिधी होते. दोन मुस्लिम राज्यांमधील त्या वाटाघाटींत मध्यस्थ म्हणून बसले होते ते ब्रिटन आणि रशिया. शेजारच्या दोन भावांचे भांडण परक्यांच्या देखरेखीखाली मिटावे, यातील अपमान त्यांच्या लक्षात आला नसेल असे म्हणता येत नाही.

१८४८ मध्ये मुहम्मद शाहाचे निधन झाले. सतरा वर्षांचा नासिरुद्दीन शाह तेव्हा तबरीझला होता आणि खजिन्यात पैसा नव्हता. मिर्झा तकी खानांनी पैसा उभा केला, फौज जमवली आणि नव्या शाहाला राजधानीत सुखरूप आणले. त्याच वर्षी ते वजीर झाले. पुढच्या वर्षी शाहाची बहीण इज़्ज़तुद्दौला हिच्याशी त्यांचा निकाह झाला.

त्यांची कारकीर्द जेमतेम तीन वर्षांची. परंतु तेवढ्या अवधीत त्यांनी राज्याची घडी बसवली. अपात्र माणसांना मिळणारी वर्षासने कमी केली, लाचलुचपतीला आळा घातला, देवीची लस टोचण्याची मोहीम सुरू केली आणि १८५१ मध्ये सरकारी वृत्तपत्र काढले. सत्ता ही अमानत आहे, हे तत्त्व त्यांनी हिशेबाच्या वहीत उतरवले. बंडे मोडताना मात्र त्यांचा हात फार कठोर होता, हेही नमूद केले पाहिजे.

परराष्ट्रव्यवहारातील त्यांचे सूत्र साधे होते : एका साम्राज्याला दिलेली सवलत दुसऱ्याला आमंत्रण देते, म्हणून सवलत कोणालाच नको. खुरासानात सालारने बंड केले तेव्हा दोन्ही वकिलातींनी मध्यस्थीची तयारी दाखवली. अमीरांनी ती नाकारली आणि १८५० मध्ये ते बंड स्वतःच्या फौजेने मोडले. दारुल फुनून ही आधुनिक विद्यापीठवजा संस्था उभारताना त्यांनी शिक्षक मुख्यतः ऑस्ट्रियातून बोलावले, कारण त्या देशाचा इराणमध्ये कोणताही राजकीय स्वार्थ नव्हता. विद्या परक्यांकडून घ्यावी, पण तिच्याबरोबर त्यांची हुकमत घरात येऊ देऊ नये, हा त्यामागील विवेक होता.

ज्यांची वर्षासने गेली, ते गप्प बसले नाहीत. शाहाची आई मह्द-ए-उलिया आणि ब्रिटिश वकिलातीच्या छायेत वावरणारा मिर्झा आका खान नूरी यांनी तरुण शाहाच्या मनात संशय पेरला. नोव्हेंबर १८५१ मध्ये अमीर पदच्युत झाले. अशा वेळी रशियन वकील दोल्गोरुकी याने, अमीर झारच्या संरक्षणाखाली आहेत असे दाखवण्यासाठी त्यांच्या घरी आपली माणसे धाडली. शाहाचा संताप अनावर झाला. ज्या परकीय आश्रयाविरुद्ध अमीर झगडले, त्याच आश्रयाच्या सावलीने त्यांचा घात केला. त्यांना काशानला पाठवण्यात आले. पत्नी त्यांच्याबरोबर गेली. जानेवारी १८५२ मध्ये, शाहाच्या हुकमावरून, फीन बागेतील हमामात नस कापून त्यांना ठार करण्यात आले. दारुल फुनूनचे दरवाजे थोड्याच दिवसांपूर्वी उघडले होते; ते पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या विधवेचा विवाह पुढे नव्या वजीराच्या, म्हणजे नूरीच्याच, मुलाशी लावण्यात आला.

नूरीला ब्रिटिशांच्या मैत्रीचा काय लाभ झाला? १८५६ मध्ये इराणने हेरात घेताच ब्रिटनने युद्ध पुकारले. मुंबई बंदरातून निघालेल्या आरमाराने आणि मुंबई इलाख्याच्या फौजेने बुशहर काबीज केले, आणि १८५७ च्या पॅरिस तहाने इराणला हेरातवरील हक्क सोडावा लागला. ज्यांच्या आधारावर वजीर उभा होता, त्यांनीच तोफा डागल्या. पुढे १९०७ मध्ये रशिया आणि ब्रिटनने इराणला न विचारताच त्या देशात आपापली प्रभावक्षेत्रे वाटून घेतली.

अमीर कबीरांच्या चरित्रातून एक गोष्ट स्पष्ट होते. परकीय सत्ता बलाढ्य होत्या हे खरे. पण त्यांना दरबारात जागा करून दिली ती घरातल्याच हेव्यादाव्यांनी आणि बुडालेल्या मिळकतीच्या रागाने. आपसांतील वाद न्यायाने मिटवणारा आणि प्रामाणिक माणसाची कदर करणारा समाज परक्याच्या हाती सहसा लागत नाही. आचाऱ्याच्या मुलाला हे कळले होते. तख्तावर बसलेल्या तरुणाला ते वेळेवर कळले नाही, आणि त्याची किंमत इराणच्या कित्येक पिढ्यांनी मोजली.