नेमबाज महाराज डॉ. करणीसिंह

बिकानेरचे महाराज डॉ. करणीसिंह यांचा जन्म २१ एप्रिल १९२४ रोजीं झाला. त्यांचें कांहीं शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत झालें. पुढें बिकानेरच्या इतिहासावरील प्रबंधाबद्दल मुंबई विद्यापीठानें त्यांस डॉक्टरेट दिली. १९५२ पासून १९७७ पर्यंत ते लोकसभेचे सभासद होते. राजस्थानी भाषेस राज्यघटनेंत स्थान मिळावें, असें त्यांचें आग्रहाचें मत होतें.

परंतु त्यांची कीर्ति पसरली ती मातीच्या तबकड्या फोडण्याच्या खेळामुळें. या खेळांत यंत्र वेगानें तबकडी फेंकतें. ती कोणत्या बाजूस जाईल हें आधीं कळत नाहीं, आणि क्षणार्धांत बार काढून ती फोडावी लागते. १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकमध्यें ते आठवे आले. १९६२ सालीं कैरो येथील जागतिक स्पर्धेंत पहिल्या क्रमांकासाठीं त्यांची बरोबरी झाली. पण अखेर रौप्यपदकच मिळालें. टोकियो, मेक्सिको व म्युनिक येथेंही ते गेले. परंतु ऑलिंपिक पदक हातीं आलें नाहीं. तरीही १९८० सालीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, ते मॉस्कोस बंदूक घेऊन उभे राहिले. या वीस वर्षांच्या आठवणी व प्रवास त्यांनीं ‘फ्रॉम रोम टु मॉस्को’ या पुस्तकांत लिहून ठेविले. १९८८ सालीं ते निवर्तले.

विद्यार्थीमित्रांनो, महागडी बंदूक आणि दूरदूरचे प्रवास त्यांस राजवैभवामुळें लाभले, हें खरें. धाराशिव जिल्ह्यांतील आपणां सर्वांस तें लाभेलच असें नाहीं. परंतु नेम हुकल्यावर निराश न होतां पुन्हां सरावास लागण्यासाठीं राजवैभवाची गरज नसते.