येवल्याचा शब्द, नागपूरची पूर्ती



दीक्षा घेताना तुम्ही चारचौघांत उभे राहून बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या. घरी परतल्यावर तुमच्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल. श्रद्धा तर मनात असते, मग ती इतक्या लोकांसमोर बोलून कशाला दाखवायची? देव्हारा गुपचूप हलवला आणि भगवान बुद्धांची तसबीर लावली, तर तेवढ्याने भागणार नाही काय? या प्रश्नाचे उत्तर परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. त्या दृष्टीने आज ते चरित्र पाहू.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी हे सैन्यातले. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला इतरांपासून वेगळे बसावे लागे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. म्हणजे बुद्धांची ओळख त्यांना विद्यार्थिदशेतच झाली होती. तरीही धम्माची दीक्षा त्यांनी घेतली ती १९५६ साली. मनात एखादा विचार रुजणे आणि तो जगासमोर आपला म्हणून सांगणे यांत केवढे अंतर असते, हे यावरून ध्यानात घ्या.

२० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. केवळ तहान भागवायची असती तर रात्री, कोणी पाहत नसताना, ओंजळभर पाणी घेता आले असते. पण चोरून प्यालेल्या पाण्याने हक्क सिद्ध होत नाही. भर दिवसा, हजारोंच्या साक्षीने पाणी घेतले म्हणून तो प्रश्न न्यायालयात गेला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, तेही उघड्यावर, सर्वांसमक्ष.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला, पण दार उघडले नाही. तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. त्या दिवशी त्यांनी कोणताही धर्म स्वीकारला नव्हता. आपला निश्चय मात्र सर्वांच्या स्वाधीन केला होता.

त्या एका वाक्याने काय घडले? देशभर खळबळ माजली. निरनिराळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्याकडे येऊ लागले. कोणी विनवणी केली, कोणी टीका केली. बाबासाहेबांनी घाई केली नाही. ३० व ३१ मे १९३६ रोजी मुंबईत परिषद भरवून त्यांनी धर्मांतराचा विचार समाजापुढे ठेवला. हेतू आधी जाहीर झाल्यामुळे लोकांना विचारायला, वाद घालायला आणि स्वतःची तयारी करायला वेळ मिळाला. आणि खुद्द बाबासाहेबांना त्या शब्दाने बांधून घेतले. आता कोणीही उठून त्यांना विचारू शकत होते, की त्या घोषणेचे काय झाले?

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. येवल्याच्या घोषणेला तेव्हा सव्वापाच वर्षे झाली होती. तुम्ही म्हणाल, वतनाचा आणि धर्माचा काय संबंध? संबंध आहे. वतन म्हणजे गावाने सांगावे ते काम पिढ्यान्‌पिढ्या करायचे आणि त्याबदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते घ्यायचे. ज्याची भाकरी गावाच्या मर्जीवर, तो गावासमोर आपला विश्वास कसा बोलून दाखवणार? हे जोखड सैल व्हावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते. तोंड उघडायचे तर आधी पाठीचा कणा मोकळा हवा, हे ते जाणून होते.

पुढे ते देशाचे कायदेमंत्री झाले, राज्यघटना तयार झाली. बौद्ध धम्माचा अभ्यास चालूच होता. त्यासाठी १९५० साली ते श्रीलंकेला आणि १९५४ साली ब्रह्मदेशाला गेले. २४ मे १९५६ रोजी, बुद्धजयंतीच्या दिवशी, त्यांनी मुंबईत सांगितले, की येत्या ऑक्टोबरमध्ये आपण दीक्षा घेणार. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी व माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले. मग जमलेल्या लाखो लोकांकडे वळून ज्यांची इच्छा असेल त्यांना उभे राहण्यास सांगितले आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. येवल्यापासून त्या दिवसापर्यंत एकवीस वर्षे आणि एक दिवस झाला होता. त्यानंतर अवघ्या त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. शब्द पुरा करूनच ते गेले.

या शब्दाची किंमत समाजानेही मोजली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा नव्हती. बौद्ध म्हणवून घेतले, की केंद्राच्या सवलती जात. हा कायदा बदलला १९९० साली. तरीही आपल्या मायबापांनी काय केले पाहा. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते. १९६१ साली ते २७ लाख ८९ हजारांवर गेले. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांनीही गणनेला आलेल्या माणसाला तोंडाने धर्म सांगितला. ती त्यांची जाहीर प्रतिज्ञाच होती.

म्हणून बंधूंनो, मी शिक्षक या नात्याने एवढेच सांगेन. मुलाचे नाव शाळेत घालताना धर्माच्या रकान्यापाशी अडखळू नका. लग्नाची पत्रिका छापताना, मयताचे कार्य करताना, जत्रेची वर्गणी मागायला कोणी आले असता, आपण काय मानतो ते नम्रपणे पण स्पष्ट सांगा. भांडण करू नका. शेजाऱ्याची श्रद्धा त्याच्यापाशी राहू द्या. दारू सोडण्याची प्रतिज्ञा वस्तीसमोर केली असेल, तर वस्तीने विचारण्याचा हक्क मान्य करा. मोह होईल त्या संध्याकाळी, आपण ते चारचौघांत बोललो आहोत, ही आठवण हात धरील.

आणि जे पाळण्याची तयारी नाही ते बोलू नका. बाबासाहेबांनी एका वाक्यासाठी एकवीस वर्षे घेतली, पण ते वाक्य मागे घेतले नाही. येत्या पौर्णिमेला घरातील सर्वांनी एकत्र बसून बावीस प्रतिज्ञा पुन्हा म्हणाव्यात, आणि त्यांतली कोणती आपल्या घरात अजून पाळली जात नाही, हे मुलांना विचारावे. मुले खरे सांगतात.

जय भीम.