गिटारचे आचार्य फर्नांदो सोर

ज्यांच्या घरीं गिटार आहे, त्यांनीं फर्नांदो सोर हें नांव ऐकिलें असेल. त्यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों. कारण शिष्यानें विद्येची पायरी कशी चढावी आणि त्याच्यासाठीं गुरूनें किती खालीं उतरावें, हें दोन्ही त्यांत दिसून येतें.

सोर हे स्पेन देशांतील बार्सेलोना शहरचे. त्यांचा बाप्तिस्मा १४ फेब्रुवारी १७७८ रोजीं झाला. बाळपणीं मोन्सेरात पर्वतावरील बेनेदिक्ती मठाच्या गायकशाळेंत ते संगीत शिकले. एकाच वेळीं अनेक आवाज एकमेकांशीं मिळवून घेण्याची तेथली शिस्त त्यांनीं पुढें सहा तारांवर आणिली. १७९७ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यांचें 'तेलेमाको' हें संगीतनाटक बार्सेलोनांत रंगभूमीवर आलें. परंतु फ्रेंच राजवटीचा पक्ष घेतल्यामुळें १८१३ सालीं त्यांस देशत्याग करावा लागला. पॅरिस, लंडन, मॉस्को व पुन्हां पॅरिस असा त्यांचा प्रवास झाला. मायदेश मात्र पुन्हां दिसला नाहीं.

लंडन येथें त्यांनीं शिष्यांकरितां पहिले १२ अभ्यासपाठ छापिले व १८२७ सालीं आणखी १२ दिले. हे पाठ सुंदर खरे, पण नवशिक्यांस जड. म्हणून १८२८ सालीं २४ पाठांचे दोन सोपे संग्रह निघाले. १८३१ सालीं त्याहूनही सोपे २४, आणि अखेरच्या काळांत अगदीं आरंभाचे २५. ह्या शेवटच्या संग्रहाच्या पहिल्या पाठांत एका वेळीं एकच सूर वाजवावयाचा आहे. असे हे एकूण १२१ पाठ होत. कीर्ति वाढत गेली तसतसे सोर शिष्याच्या अधिकाधिक जवळ येत गेले.

१८३० सालच्या आपल्या शिक्षणग्रंथांत त्यांनीं प्रत्येक नियमाचें कारण सांगितलें आहे. उजव्या हाताचा आंगठा व पुढचीं दोन बोटें ह्यांवर त्यांचा मुख्य भर असे. तार ते नखानें न छेडतां बोटाच्या अग्रानें छेडीत.

१८३७ सालीं त्यांची कन्या कॅरोलीन वारली. दुःखी पित्यानें तिच्या स्मरणार्थ मिस्साबलीचें संगीत रचिलें. १० जुलै १८३९ रोजीं पॅरिस येथें त्यांचें देहावसान झालें. १९४५ सालीं आंद्रेस सेगोविया ह्यांनीं त्यांचे २० पाठ निवडून प्रसिद्ध केले, आणि ते आजही शिकविले जातात.

तरुण वादकांस आमची एवढीच सूचना कीं, पाठ केव्हां आरंभिला आणि न अडखळतां प्रथम केव्हां वाजला, ह्या दोन तारखा वहींत मांडाव्या. वेग मोजूं नये. स्वच्छ सूर मोजावा. अडलेला पाठ हट्टानें रेटण्यापेक्षां एक सोपा पाठ मागें जावें. स्वतः सोर ह्यांनींही शिष्यांसाठीं तेंच केलें.