मार्गारेट स्किनिडर : एका शिक्षिकेची पेन्शन

पेन्शन म्हटलं की आपले शिक्षकांचे कान लगेच टवकारतात. त्यात काही वावगं नाही. पण आज ज्या शिक्षिकेची ओळख करून घेऊया, तिची पेन्शन शाळेची नव्हती. अंगावर झेललेल्या गोळ्यांची होती.

मार्गारेट स्किनिडर यांचा जन्म १८९२ साली स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या कोटब्रिज गावात झाला. वडील आयर्लंडमधल्या मोनॅघनचे. मार्गारेट ग्लासगोत गणित शिकवायच्या. तेव्हा आयर्लंडवर इंग्रजांचं राज्य होतं आणि ते घालवण्यासाठी झटणाऱ्या 'कमन ना मान' या महिलांच्या संघटनेत त्या दाखल झाल्या. गंमत बघा, बंदूक त्या शिकल्या ती साम्राज्याच्या रक्षणासाठी बायकांकरता काढलेल्या रायफल क्लबात! १९१५ च्या नाताळात तर त्यांनी टोपीत स्फोटकांचे डेटोनेटर लपवून बोटीने डब्लिनला पोचवले. केबिनमधल्या गरम नळांनी भडका उडेल या भीतीने रात्र उघड्या डेकवर काढली.

एप्रिल १९१६ मध्ये, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये उठाव झाला. मार्गारेट तेव्हा २३ वर्षांच्या. सेंट स्टीफन्स ग्रीन भागातल्या तुकडीसाठी त्या सायकलवरून निरोप पोचवत. मग हिरवा गणवेश चढवून रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या छपरावरून नेम धरत. निरोपाला जायचं म्हटलं की पुन्हा साधा पोशाख. बुधवारी रात्री हारकोर्ट स्ट्रीटवरची घरं पेटवून शत्रूची वाट अडवायची, असं ठरलं. बाईला एवढ्या धोक्यात पाठवायला कमांडंट मायकेल मॅलिन तयार होईनात. मार्गारेटचं म्हणणं सरळ होतं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात स्त्री-पुरुष दोघांना समान मानलंय, मग जीव धोक्यात घालण्याचा हक्कही समानच. शेवटी त्या गेल्या. त्यांना तीन गोळ्या लागल्या. सोबतचा १७ वर्षांचा फ्रेड रायन जागीच गेला. त्यांचे पुढचे कित्येक आठवडे दवाखान्यात गेले.

पुढे आयरिश फ्री स्टेट आलं, पण इंग्रजांशी झालेला करार मान्य करायचा की नाही यावरून आपसातच युद्ध पेटलं. मार्गारेट कराराच्या विरोधात होत्या. आता त्यांना आपल्याच लोकांच्या तुरुंगात बसावं लागलं.

१९२३ मध्ये नव्या सरकारने सैनिकी पेन्शनचा कायदा केला. जखमींना पेन्शन, आणि जे कामी आले त्यांच्या विधवांना, मुलाबाळांना, त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना मदत. घरचा कर्ता गेलेल्या कुटुंबांना त्याची फार गरज होती. मार्गारेट यांनीही जखमांसाठी अर्ज केला. १९२५ मध्ये तो फेटाळला गेला. का? तर कायद्यातला 'सैनिक' हा शब्द पुरुषांपुरताच आहे म्हणून. लिंगविचार शिकवताना 'सैनिक' आपण पुल्लिंगी सांगतो खरं, पण इंग्रजीतल्या त्या शब्दाला तर व्याकरणाचं लिंगच नाही! तरी सरकारी वकिलांनी ते शोधून काढलं. त्यांची राजकीय बाजूही आड आली असावी, असं मला वाटतं, पण कागदावर कारण हेच.

मला यातली खरी मेख वेगळीच वाटते. त्या कायद्यात बायकांना जागा होती, पण कुणाची तरी विधवा किंवा कुणाची तरी आई म्हणून. स्वतःच्या अंगावर गोळ्या खाल्लेली बाई कुठल्या रकान्यात बसवायची, हेच त्यांना कळेना.

१९३४ च्या नव्या कायद्याने 'कमन ना मान'च्या बायकांच्या सेवेलाही मान्यता दिली. मार्गारेट यांनी पुन्हा अर्ज केला आणि १९३८ मध्ये पेन्शन मंजूर झाली. गोळ्या लागल्याला तोवर २२ वर्षं झाली होती.

मधल्या काळात त्या रडत बसल्या नव्हत्या. डब्लिनच्या किंग्ज इन स्ट्रीटवरच्या शाळेत शिकवत होत्या. तिथेही तोच प्रश्न समोर होता, काम सारखं पण बाईंचा पगार गुरुजींपेक्षा कमी. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेत त्या समान वेतनासाठी भांडत राहिल्या. १९४६ मध्ये डब्लिनच्या शिक्षकांचा सात महिने संप चालला, तेव्हाही त्या पुढे होत्या. १९५६ मध्ये त्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

१९६१ मध्ये त्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि १० ऑक्टोबर १९७१ रोजी वारल्या. ग्लासनेविनच्या दफनभूमीत, उठावात त्यांच्याच तुकडीत लढलेल्या कॉन्स्टन्स मार्कीविच यांच्या शेजारी त्यांना पुरलं.