मुलांचे डॉक्टर

आंद्रेय वायदा यांचा १९९० सालचा ‘कोरचाक’ हा कृष्णधवल चित्रपट ज्यांच्यावर आहे, ते यानुश कोरचाक म्हणजे पोलंडमधील वॉर्साचे ज्यू बालरोगतज्ज्ञ व लेखक. १९१२ पासून ते अनाथाश्रम चालवीत. तेथे मुलांचे न्यायालय भरे आणि खुद्द डॉक्टरांवरही खटला चाले! १९४० मध्ये नाझींनी आश्रम गेट्टोत कोंडला. डॉक्टर मुलांसाठी दारोदार अन्न मागत हिंडले. १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी नाटक केले, तेही आपल्या टागोरांचे ‘डाकघर’. तीन आठवड्यांच्या आत सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंकाच्या छळछावणीकडे नेण्यात आले. डॉक्टरांना सुटकेची संधी होती. ते मुलांबरोबरच गेले. चित्रपटाच्या शेवटी आगगाडीचा डबा सुटतो व मुले धुक्यात उतरतात. हा शेवट अनेकांना खटकला. प्रत्यक्षात त्यांतले कोणीच परतले नाही.