ब्रिटिशांनी मराठ्यांना वणवा म्हटलं, निफाडच्या रानड्यांनी उत्तरात झाड लावलं

निफाड म्हटलं की द्राक्षं, लासलगावचा कांदा आणि दर हिवाळ्यात बातम्यांमध्ये दिसणारा घसरलेला पारा आठवतो. पण याच निफाडमध्ये १८ जानेवारी १८४२ ला जन्मलेल्या एका माणसाने ब्रिटिशांना त्यांच्याच भाषेतला अलंकार वापरून उत्तर दिलं होतं.

हा माणूस म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

रानडे न्यायाधीश होते, समाजसुधारक होते, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये इंग्रजी साहित्य शिकवायचे, हे फारसं कोणी सांगत नाही.

त्यांचं बालपण कोल्हापुरात गेलं. पुढे ते मुंबईला शिकायला आले आणि १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक झाले. कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्यापेक्षा मराठी राज्य उजवं ठरवलं. त्यावर प्राचार्यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिन्यांसाठी बंद केली, असं त्यांच्या चरित्रांमध्ये सांगितलं जातं.

हा वाद रानड्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

आधी वणवा समजून घेऊ

साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्यात त्याने मराठ्यांच्या उदयाला सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला लागलेल्या आगीची उपमा दिली.

आता यात काय बिघडलं? वाचायला तर छान वाटतं.

पण नीट बघा. वणवा म्हटलं की तो योगायोगाने पेटला, असंच वाटतं. तो काही उभारत नाही, फक्त जाळतो. शेवटी राख उरते आणि आग विझवणारा चांगला ठरतो. म्हणजे मराठ्यांचं राज्य लुटारू होतं आणि ते ब्रिटिशांनी संपवलं हे बरंच झालं, हा सगळा निकाल एका उपमेत बसला होता. त्यासाठी वेगळा पुरावा द्यायची गरजच पडली नाही.

मग रानड्यांनी काय केलं?

१९०० मध्ये रानड्यांचं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात त्यांनी या वणव्याचं थेट खंडन केलं. पण खरी गंमत प्रकरणांच्या नावांमध्ये आहे. आधी जमीन तयार होते, मग बी पेरलं जातं, ते वाढीला लागतं, झाड बहरतं आणि शेवटी फळ धरतं.

एकच रूपक सगळ्या अंगांनी फुलवत नेलं की आपल्याकडे त्याला सांगरूपक म्हणतात. इंग्रजी साहित्यातही हे तंत्र जुनं आहे.

जमीन कशाची? डोंगर आणि किल्ले, गावगाडा, एक भाषा आणि जातीभेदाची धार बोथट करणारे संत. झाडाला मुळं असतात, त्यामागे पिढ्यांची मेहनत असते. म्हणूनच १६८० मध्ये शिवाजी महाराज गेल्यावरही, औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसला तरी ते उन्मळून पडलं नाही, असा रानड्यांचा मुद्दा होता. वणवा मानला तर या टिकून राहण्याचा अर्थच लागत नाही.

अमरावतीचे प्रश्न

रानड्यांचं दुसरं हत्यार होतं प्रश्न. १८९७ मध्ये अमरावतीच्या सामाजिक परिषदेत ते बोलायला उभे राहिले. सुधारणा नको, जुनंच परत आणा, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं की जुनं म्हणजे नेमकं कधीचं? नियोग परत आणायचा का? यज्ञातले पशुबळी परत आणायचे का? उत्तर कोणीच देणार नव्हतं, आणि तेच त्यांना हवं होतं. अशा प्रश्नात उत्तर आधीच दडलेलं असतं.

पण एक प्रश्न त्यांच्या घरातलाही होता. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली तेव्हा विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. टीका झाली आणि ती रास्त होती. त्यांनी रमाबाईंना शिकवलं, पुढे त्या सेवासदनच्या आधारस्तंभ झाल्या. तरीही शब्द आणि कृती यांच्यातलं ते अंतर पुसलं गेलं नाही.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. मराठ्यांच्या इतिहासाचा पुढचा भाग लिहायचा राहूनच गेला.

अलंकार म्हणजे परीक्षेतले दोन मार्क, असं आपल्याला वाटतं. पण पुढच्या वेळी एखाद्या पोस्टमध्ये कामासाठी शहरात आलेल्या माणसांना लोंढा म्हटलेलं दिसलं, तर शेअर करण्याआधी थोडं थांबा. पूर आला की माणूस बांध घालायचाच विचार करतो. तो निकाल तुमचा आहे की त्या एका शब्दाचा, हे तपासून बघा.